डिलिव्हरी रोबोटच्या धास्तीने ८५ हजारांचा कोर्स घ्यावा का?

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो आणि संध्याकाळी बाइकवरून डिलिव्हरी करतो. हातात पैसे खेळायला लागल्यापासून 'आयटीआय सोडतो, पूर्णवेळ हेच करतो' असं त्याने धरलंय. माझा भाऊ म्हणतो, परदेशात रोबोट पार्सल पोचवतात, दोन वर्षांत ही कामं संपतील. त्यातच एका क्लासने तीन महिन्यांचा 'रोबोटिक्स आणि एआय' कोर्स सुचवलाय, फी ८५ हजार. दागिना गहाण ठेवून भरावी का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, दागिना कपाटातच राहू द्या आणि मुलाला आयटीआय सोडू देऊ नका. असं का म्हणतो, ते हे रोबोट चालतात कसे आणि अडतात कुठे हे पाहिलं की पटेल.

तुमच्या भावाने बहुधा स्टारशिप टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या रोबोटचा व्हिडिओ पाहिला असेल. कंपनी २०१४ मधली, तिचं इंजिनिअरिंगचं काम एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये चालतं. सहा चाकांची पांढरी पेटी, वजन साधारण ३५ किलो, माल १० किलोच्या आसपास आणि वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात २०१८ पासून हे रोबोट किराणा पोचवू लागले, २०१९ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात आले. या दोन्ही जागा विचार करून निवडलेल्या आहेत. मिल्टन कीन्स हे आखून वसवलेलं शहर, तिथे पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी मुख्य रस्त्यांपासून वेगळ्या वाटा आहेत. विद्यापीठात तर कँटीन ते होस्टेल एवढंच अंतर. शिवाय रोबोट जिना चढून वर येत नाही. तो खाली थांबतो, ग्राहकाने यायचं, फोनवरून झाकण उघडायचं आणि आपली पिशवी उचलायची.

आता हाच रोबोट नाशिकच्या कुठल्याही गजबजलेल्या रस्त्यावर सोडून बघा. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, पुढे टपरी, त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. ते पार केलंच तर सोसायटीचं गेट, वॉचमनची वही, लिफ्ट आणि तिसरा मजला. आपल्याकडचा ग्राहक दाराची बेल वाजण्याची वाट बघतो, आणि ती वाजवणारा मुलगा कंपनीला रोबोटपेक्षा स्वस्त पडतो. म्हणून 'दोन वर्षांत संपेल' हे आम्हाला पटत नाही.

परदेशातही हे गाडं सरळ रेषेत गेलेलं नाही. ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्ये 'स्काउट' नावाचा असाच रोबोट रस्त्यावर उतरवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये चाचण्या थांबवल्या. फेडेक्सने त्याच महिन्यात आपला 'रोक्सो' गुंडाळला. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ च्या डिसेंबरमध्येच फुटपाथवरच्या रोबोटांवर कडक मर्यादा घातल्या. पिट्सबर्गमध्ये २०१९ साली व्हीलचेअरवरची एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडून फुटपाथवर चढायला आली, तर नेमक्या उतारावर रोबोट ठाण मांडून उभा होता. तिथल्या विद्यापीठाला काही काळ प्रयोग थांबवावा लागला. दुसरीकडे लॉस एंजेलिसमध्ये सर्व्ह रोबोटिक्सचे रोबोट आज जेवण पोचवतात, आणि जपानने एप्रिल २०२३ पासून ताशी ६ किलोमीटरची मर्यादा घालून अशा गाड्यांना कायद्यात जागा दिली. थोडक्यात, जिथे मजुरी महाग, माणसं कमी आणि फुटपाथ मोकळे, तिथे रोबोट टिकतो.

आता तुमच्या मुलाच्या कामाची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत किवीबॉट कंपनीचे डिलिव्हरी रोबोट फिरायचे, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवून वाट दाखवणारी माणसं कोलंबियातल्या मेडेयीन शहरात बसलेली असत. रोबोट आला म्हणून माणसाचं काम सगळंच गेलं नाही. काही काम हजारो किलोमीटर लांब गेलं, काही वर्कशॉपमध्ये आलं: चार्जिंग, चाकं बदलणं, कॅमेऱ्याच्या काचा पुसणं, अडकलेला रोबोट उचलून आणणं आणि बिघाड शोधणं. भारतात या यंत्रांची गर्दी आधी चार भिंतींच्या आत होते आहे, कारण फरशी सपाट असते आणि वाटेत गाय आडवी येत नाही. पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स पार्सल वर्गवारीचे रोबोट बनवते, नोएडाची ॲडव्हर्ब गोदामांसाठी आणि बंगळुरूची अती मोटर्स कारखान्यांत माल ओढण्यासाठी. या यंत्रांच्या देखभालीला लागणारा हात इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचाच, म्हणजे तुमचा मुलगा आज जे शिकतोय तोच.

तिथे बिघाड कसले येतात ते त्याला वाचून दाखवा. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे दहा सेल-गट ओळीने जोडलेले, पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट. त्यातला एक गट कमजोर झाला की स्क्रीनवर ३० टक्के दिसत असतानाच चढावर यंत्र बंद पडतं, कारण तो गट आधी खाली जातो आणि बॅटरी सांभाळणारं सर्किट (बीएमएस) सगळाच पुरवठा तोडतं. अशा वेळी पूर्ण पॅकचा व्होल्टेज मोजून काही हाती लागत नाही, लोड देऊन एकेक गट मोजावा लागतो. दुसरा नेहमीचा आजार कॅन बसचा, म्हणजे यंत्राचे भाग ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांचा. मोटर कंट्रोलर मधूनच गायब होतो आणि सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. पुरवठा बंद करायचा, कॅन-हाय आणि कॅन-लो या तारांमध्ये ओहम मोजायचे. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार सुटली आहे, ४० आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय. चाकाची मोटर धक्के देत फिरत असेल तर आधी मोटर कुठवर फिरली ते कळवणाऱ्या हॉल सेन्सरचा कनेक्टर बघायचा, पावसाळ्यात पाणी तिथेच शिरतं. यातलं काहीही करायला एआय लागत नाही. मल्टिमीटर आणि डोकं शांत ठेवण्याची सवय लागते.

८५ हजारांऐवजी त्याला तीनेक हजार रुपये द्या. छोटी रोबोट गाडी बनवायला ईएसपी३२ बोर्ड (गाडीचा मेंदू), एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन गिअर मोटर, एक एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा), बॅटरी आणि एक बरा मल्टिमीटर एवढ्यात बसतं. गाडी पहिल्या दिवशी चालणार नाही, आणि शिकण्यासारखं तिथेच आहे. मोटर सुरू होताच बोर्ड रीसेट होत असेल तर व्होल्टेज खाली बसतोय: बोर्डला वेगळा पुरवठा द्यायचा, ग्राउंड मात्र दोन्हींचं एकच ठेवायचं. मोटर मंद फिरत असेल तर एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, हे हिशेबात धरलेलं नसतं. एचसी-एसआर०४ सेन्सरची 'एको' पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ला ३.३ च्या वर चालत नाही, म्हणून मध्ये १ किलो-ओहम आणि २ किलो-ओहम रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लावावा लागतो. प्रत्येक बिघाड, मीटरचं रीडिंग आणि उपाय वहीत तारखेसह लिहू द्या. मुलाखतीत ती वही तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

वाट पुढीलप्रमाणे. आधी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास होऊन एनटीसी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, हातात घ्यायचं. मग दोन रस्ते आहेत. घरी पैशांची निकड असेल तर अप्रेंटिसशिप, स्टायपेंडसह. अर्ज करताना 'मेन्टेनन्स' विभाग मागायचा, असेंब्ली लाइनवर स्क्रू पिळत वर्ष घालवायचं नाही. निकड नसेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅट्रॉनिक्स घ्यावं. दोन वर्षांत डिप्लोमा होतो आणि जमलं तर इंजिनिअरिंगचं थेट दुसरं वर्षही उघडं राहतं. आमचा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे. गणिताची मात्र त्याने आत्तापासून उजळणी करावी, आयटीआयची मुलं डिप्लोम्यात तिथेच अडखळतात.

डिलिव्हरी लगेच बंद करा असं आम्ही म्हणत नाही. परीक्षेपर्यंत तास कमी करावेत. एक महिना त्याला किलोमीटर, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि टायरचा खर्च लिहायला लावा, हाती खरंच काय उरतं ते त्याचं त्यालाच दिसेल. त्याच्या कमाईला आजचा धोका रोबोटचा नाही. ऑर्डरमागचा दर ॲप ठरवतं आणि बाइकची झीज तो भरतो, हा आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार (ॲपवरून किंवा कामागणिक पैसे मिळवणारे) असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला होता. एकाच कामाला इतके हात आले की दर वाढवून मागणं अवघड जातं. असंघटित कामगारांच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर त्याची नोंदणी नसेल तर या आठवड्यात करून घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत भरण्याची तरतूद आहे. त्यातून निघणाऱ्या योजनांसाठी त्याचं नाव आधीच नोंदलेलं बरं.

आणि क्लासवाल्यांचा पुन्हा फोन आला तर तीन गोष्टी विचारा: एका रोबोटमागे किती मुलं बसतात, बिघाड मुलांच्या हातून दुरुस्त करून घेतात का, आणि मागच्या बॅचमधली दोन मुलं आज कुठे, कोणत्या पदावर आहेत. ती मुलं फोनवर बोलायला तयार नसतील तर विषय तिथेच मिटवा.