भाग कोण पाडते, त्याचे नाव घे

प्रिय मुली,

परवा तलावपाळीवर कठड्याला टेकून तू म्हणालीस, "काका, ऐरोलीची नोकरीही नाइलाजाने करते आणि रात्री दोन-दोनपर्यंत खाडीवरचे पक्षीही नाइलाजानेच काढत बसते." मी गप्प राहिलो, कारण त्या क्षणी रागावून बोललो असतो.

मराठीत आपण ‘मला जावे लागते’ म्हणतो आणि ‘मला राहवत नाही’ असेही म्हणतो. दोन्हींकडे ‘मी’ नाही, ‘मला’ आहे, आणि तुझा घोळ तिथेच झाला आहे. पण ‘लागते’मागे भाग पाडणारा कोणीतरी असतो व तो बाजूला झाला की काम थांबते, ‘राहवत नाही’ असे जे असते, ते बघणारे कोणी नसले तरी थांबत नाही. म्हणून नाइलाज म्हणण्याआधी भाग पाडणाऱ्याचे नाव घे.

ते नाव नेहमी माणसाचेच असते असे नाही. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. पुढे १९८२ साली, आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गरिबीमुळे दुसरा मार्गच न उरलेला माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो, तेव्हा तीही सक्तीच असते.

हा निकाल मला ठाऊक होता, तरीही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी ठेकेदाराच्या माणसांपुढे स्टॅम्प पॅड सरकवत असे. पगारपत्रकावर रक्कम पूर्ण, हातात मात्र कमी. एका वयस्क कामगाराचा अंगठा कामाने इतका झिजला होता की ठसा उठेना. मी तो स्वतःच्या हाताने धरून पुन्हा दाबला. घरी येऊन म्हणालो, "नाइलाज आहे." नाइलाज त्याचा होता! माझी बायको शिक्षिका होती, घरात दुसरा पगार येत होता. मला भाग पाडणाऱ्याचे नाव भीती एवढेच होते, आणि ते घ्यायला मला चार वर्षे लागली.

त्यानंतर त्या पगारपत्रकावर साक्षीदाराच्या रकान्यात सही करायला मी नकार दिला. बढती गेली, मुलांच्या शिक्षणाला झळ बसली आणि नातेवाईक आजही मला हेकट म्हणतात. मी ते मान्य करत नाही. माझ्याने सही करवली नाही. ज्याने तो झिजलेला अंगठा हातात धरून दाबला होता, त्याच्याने ती करवणारच नव्हती.

तेव्हा नाव घे. घराच्या कर्जाचा हप्ता असेल तर हप्ता म्हण, किती वर्षे उरली ते मोज, आणि तेवढ्यापुरती नोकरी खुशाल कर. त्यात कमीपणा काही नाही. आईचा धाक असेल तर तसे म्हण. पण त्या बगळ्याचा वाकलेला पाय जमेपर्यंत तू सात कागद टाकून दिलेस, त्याला पुन्हा माझ्यासमोर नाइलाज म्हणू नकोस. ते सात कागद कोणी मागितले होते?

रविवारी ये. कर्जाचे कागद आण, आणि ती टाकलेली चित्रेही.

तुझा,
काका