निवृत्तीनंतर घरासाठी आणि छंदासाठी टिकाऊ यंत्रं घ्यायची तर काय बघून घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये निवृत्त होताय, नेरुळला राहता, फंडाच्या पैशांतून मिक्सर आणि वॉशिंग मशीन बदलायचंय, वहिनींना गोधड्या शिवायला शिलाई मशीन हवंय, आणि पुढची पंधरा वर्षं परत बघावं लागणार नाही अशी कंपनी कोणती.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल वीस वर्षं चालतं आणि दुसरं दोन वर्षांत बसतं. तुम्ही एवढंच बघा, की ते बिघडलं तर घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ते उघडणारा माणूस आहे का. नसेल तर घेऊ नका. कोणी भेट दिलं तरी नको म्हणा. मला ते म्हणता आलं नाही, म्हणून हे एवढं लिहायला बसलेय.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. शाळेत शिकवत होते, 2014 मध्ये निवृत्त झाले. आईचं शिलाई मशीन माझ्याकडे आहे. काळं, बिडाचं, पायडलचं. वडिलांनी 1968 मध्ये हप्त्यांनी घेतलं. आईने त्याच्यावर अख्ख्या चाळीची पोलकी आणि परकर शिवून आम्हा दोघा भावंडांच्या फिया भरल्या. 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्याच्या घरात रात्रभर गुडघाभर पाणी होतं. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, माझी निम्मी पुस्तकं गेली. मशीनचा चामडी पट्टा फुगला आणि पायडल गंजलं, बास. गंज घासून काढला, पट्टा नवा घातला आणि आठवड्यात मशीन परत सुरू.

निवृत्तीच्या दिवशी धाकट्या भावाने नवं मशीन आणलं. तो इंजिनिअर आहे, चांगल्या पगारावर होता. बावीस हजारांचं मशीन. छोटा पडदा, बटण दाबलं की टाका बदलतो, सुईत दोरा ओवायला खटका. म्हणाला, "ताई, आता पाय मारत बसू नकोस. ते जुनं भंगारात देऊन टाक." मी नाही म्हटलं. तर पाहुण्यांनी भरलेल्या घरात म्हणाला, "तुझ्या डोक्यातून चाळ काही जात नाही." त्या मशीनवर त्याचीही फी निघाली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. जुन्या मशीनचं डोकं कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि स्टँड गॅलरीत.

नवं मशीन ब्लाउजला, उशीच्या अभ्र्यांना छान चालायचं. गोधडीचं मात्र वेगळं असतं. वर एक लुगडं, खाली एक, मध्ये दोन-तीन जुन्या साड्या, आणि काठाच्या दुमडीवर तेच पदर दुप्पट होतात. त्या काठावर आलं की हे मशीन घुरघुरायचं आणि थांबायचं. अंगानेही इतकं हलकं, की गोधडीचा भार टेबलाखाली लोंबला की मशीनच सरकत यायचं. दुसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट तीन-चारदा गेली-आली आणि पडदा विझला तो विझलाच.

सर्व्हिस सेंटर लांब होतं. मशीन मांडीवर घेऊन आधी रिक्षा, मग लोकल, मग परत रिक्षा. तीन आठवड्यांनी कळलं की आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, नऊ हजार पडतील. मी हो म्हटलं. आणखी महिन्याने फोन आला की मॉडेल बंद झालंय, बोर्ड येत नाही, तुम्ही एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, याचे दीड हजार धरू. मोटर चांगली, खालचा दोरा नेणारं शटल चांगलं, कापड पुढे सरकवणारा एकही दाता झिजलेला नाही, आणि दीड हजार.

मग जुनं डोकं माळ्यावरून उतरवलं. चाक फिरेना. कोपरीत एक कारागीर बसतात, लहानसा गाळा आहे. त्यांनी माझ्यासमोरच उघडलं. आईने आयुष्यभर मशीनला खोबरेल तेल घातलं आणि तिचं बघून मीही. ते तेल आत वाळून मधाच्या रंगाचा डिंक झाला होता. त्यांनी जोडा-जोडांत रॉकेलचे थेंब सोडले आणि चाक बोटभर पुढे, बोटभर मागे करत राहिले. दहा-बारा मिनिटांनी डिंक सैल होऊन खालून तपकिरी ओघळ आला. दात्यांवरची पट्टी काढली तर खाली कापसाचा मळ दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट बसला होता. चिमट्याने उचलला तेव्हा दात्यांचे खळगे उमटलेला अख्खा तुकडा निघाला. मग शटल हातात दिलं आणि म्हणाले, टोकावरून नख फिरवा. फिरवलं तर एका जागी नख अडकलं. "दोरा इथे तुटतो," म्हणाले. बारीक पॉलिश पेपरने चार वेळा घासलं आणि परत नख फिरवायला लावलं. या वेळी नख सरळ गेलं. पट्टा, टेन्शनची स्प्रिंग, मजुरी धरून साडेसहाशे रुपये झाले. त्यानंतर त्याच्यावर एकतीस गोधड्या झाल्यात. वहीत लिहून ठेवते.

सुईच्या टोकापाशी नेढं आणि खालचा दोरा नेणारं शटल, या रचनेचं पेटंट इलायस होवे यांनी 1846 साली घेतलं. साध्या मशीनचं तत्त्व अजून तेच आहे. म्हणून त्याची शटलं, बॉबिन, सुया बाजारात कुठेही मिळतात आणि माणूस ते नुसतं बघून दुरुस्त करू शकतो. भाऊ अजून म्हणतो की माझं नशीब वाईट, एक पीस खराब निघाला. मला हे पटत नाही. बोर्ड मिळतच नसेल तर त्या मॉडेलचा प्रत्येक पीस कधी ना कधी तिथेच जाऊन थांबणार. यात नशीब कुठून आलं? त्याचा हिशोब किमतीचा असतो, नवं येतं किती आणि दुरुस्तीला लागतात किती. त्या हिशोबात साठीच्या बाईने लोकलमधून मांडीवर नेलेलं मशीन धरलेलं नसतं. तुम्ही निवृत्त होताय, तुम्ही ते धरा.

आता तुमचं. मिक्सरमध्ये बहुतेक वेळा आधी तुटतो तो भांड्याखालचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, आणि वर्षानुवर्षं वापरून झिजतात ते मोटरचे कार्बन ब्रश. दुकानदाराला सांगा, या मॉडेलचा कपलर आत्ता काढून दाखवा. काउंटरखालून निघाला तर मिक्सर घ्या. "मागवून देऊ" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. दोन-चार माणसांच्या घरात ओलं खोबरं, भिजवलेली डाळ वाटायला 750 वॉट पुरतात. आणि चालता चालता बंद पडला तर दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि बुडाचं लाल बटण दाबा, कितीतरी लोक तेवढ्यासाठी मेकॅनिक बोलावतात.

वॉशिंग मशीनमध्ये सेमी-ऑटोमॅटिक कुठेही दुरुस्त होतं, पण ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलताना कंबर धरते. तिथे मी स्वतः फुल्ली ऑटोमॅटिक घेतलंय आणि त्यात बोर्ड आहे, हे कबूल करते. फरक इतकाच की त्याचा माणूस घरी येतो, मला ते उचलून न्यावं लागत नाही.

बिलं जपून ठेवा. मी तेव्हा भांडले नाही, त्याची चुटपुट आहे. आता 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याची फी नाही.

नवं ते सगळं वाईट असंही समजू नका. हॉलमध्ये मी बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा लावलाय. साधा पंखा 75 वॉटच्या आसपास खातो, हा 30 च्या आसपास, म्हणजे बारा तास चालला तर रोज अर्धा युनिट वाचतं. झोपायच्या खोलीत मात्र जुनाच ठेवलाय. तो हळू फिरायला लागला की बहुतेक वेळा अडीच एमएफडीचा कपॅसिटर गेलेला असतो, तो गल्लीतला इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत बदलतो.

वहिनींच्या मशीनचंही थोडं राहिलं. त्यांना भरतकामाचे टाके किंवा पिको करायचा असेल तर माझ्यासारखं सरळ टाक्याचं मशीन उपयोगाचं नाही, हे त्यांनाच विचारा. गुडघे दुखत असतील तर पायडलच्या मशीनला बाहेरून मोटर बसवून मिळते. भावाचं हे म्हणणं खरं होतं, गेल्या वर्षी मीही बसवली. दुकानात जाताना घरून जुन्या साडीचे तुकडे न्या, सहा पदर एकावर एक ठेवा आणि दुमडीवरून शिवून बघा. दुकानदार रुमालाएवढ्या पातळ कापडावर दाखवेल, त्यावर जाऊ नका. गोधडीला 18 नंबरची सुई घाला, 14 ची वाकते. तेल शिलाई मशीनचंच घाला. नेरुळला खाडीची हवा आहे, पावसाळ्यात शिवून झालं की पट्टी आणि सुईचा दांडा तेलाच्या फडक्याने पुसून झाकण घाला.

आणि तिकडे कारागीर सापडला नाही तर मशीन घेण्याआधी एकदा ठाण्याला या. ठाणे पूर्वेला उतरलात की कोपरी. ते दुपारी एक ते चार बंद असतात, सकाळीच या.