ठाण्यातल्या कॅन्सरचा आकडा कुठे मिळेल?

वर्तकनगरच्या एका रहिवाशाने विचारलंय: दोनशे फ्लॅटच्या जुन्या सोसायटीत तीन वर्षांत पाच जणांना कॅन्सर निघाला, हे गच्चीवरच्या मोबाइल टॉवरमुळे असेल का? ठाण्याचा आकडा कुठे बघायचा? आणि २०२२ सालासाठी देशात एक बातमी १४.१ लाख नवे रुग्ण म्हणते, दुसरी १४.६ लाख, मग खरं कोण? रुग्णालयाच्या नोंदणी विभागात कॅन्सरच्या केसपेपरांना कोड लावण्यातच माझी सगळी नोकरी झाली. उत्तर लांबणार आहे.

आधी ठाणे. मुंबईची कॅन्सर नोंदणी देशातली सगळ्यात जुनी, इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केलेली. पण तिची हद्द बृहन्मुंबईपुरती. मुलुंड चेकनाका ओलांडला, वाशीची खाडी ओलांडली, की तुम्ही तिच्या बाहेर. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली आलेला अहवाल (२०१२ ते २०१६ची माहिती) २८ लोकसंख्याधारित (म्हणजे ठरलेल्या हद्दीतला प्रत्येक नवा रुग्ण मोजणाऱ्या) नोंदण्यांवर उभा आहे. त्यात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी आहेत, ठाणे नाही. २०११च्या जनगणनेत एक कोटी दहा लाखांचा असलेला हा जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता) या अहवालात दिसत नाही. गंमत म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सरच्या साथरोगशास्त्राचं केंद्र आपल्या खारघरलाच आहे.

म्हणजे वर्तमानपत्रात 'ठाण्यात कॅन्सर इतका वाढला' असं छापून आलं, तर तो आकडा बहुधा एखाद्या रुग्णालयाचा किंवा सरकारी योजनेतल्या मंजूर दाव्यांचा असतो. त्यावरून दर निघत नाही. केमोचे सहा डोस घेतलेल्या एका माणसाचे सहा दावे दिसू शकतात, आणि रुग्णालयाकडे कुठून कुठून माणसं येतात त्यावर त्याचा आकडा फुगतो.

आता १४.१ की १४.६. १४.१ लाख हा फ्रान्समधल्या ल्यॉनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा, तिच्या ग्लोबोकॅन नावाच्या जगभरच्या अंदाजातला, १४.६ लाख आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) बंगळुरूच्या केंद्राचा. दोघांनीही देशभर घरोघरी जाऊन मोजलेलं नाही. देशाच्या लोकसंख्येपैकी साधारण दहा टक्केच या नोंदण्यांच्या कक्षेत येतात. तिथले वयानुसार दर काढायचे, ते लोकसंख्येच्या अंदाजाला लावायचे आणि देशाचा आकडा काढायचा. पद्धती वेगळ्या, म्हणून पन्नास हजारांचा फरक. अशा कामात तो फार नाही. त्यातून लोकसंख्याही २०११च्या जनगणनेवरून पुढे ढकललेली. घोडबंदर रोडला तेव्हा काय होतं आणि आज काय आहे हे आठवा, म्हणजे छेदात, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं तिच्यात, किती गडबड असू शकते ते कळेल.

जिथे मोजलं जातं तिथे मात्र चिकाटीने मोजलं जातं. नोंदणीची माणसं रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब, मृत्यू नोंदणी कार्यालयं अशी फिरतात, आपण होऊन कोणी माहिती आणून देत नाही. काही राज्यांनी कॅन्सर कळवणं सक्तीचं केलंय, देशभर तसं नाही. मग एकच बाई दोन रुग्णालयांत दोनदा मोजली गेली का ते तपासायचं. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, वय दोन्हीकडे वेगळं. अहवाल चार वर्षं मागे असतो तो काही प्रमाणात यामुळेच.

सगळ्यात जास्त डोकं खातो पत्ता. त्या हद्दीत किमान वर्षभर राहणाऱ्यालाच तिथला रुग्ण मानतात. डोंबिवलीचा माणूस परळला उपचार घेतो, कागदावर लालबागच्या मेहुण्याचा पत्ता देतो, आणि तपासात ते पकडलं गेलं नाही तर मुंबईत मोजला जातो. खरा पत्ता दिला तर कुठेच मोजला जात नाही. तरीही खरा पत्ताच द्या, कधीतरी ठाण्याची नोंदणी सुरू झाली तर जुने कागद उपयोगी पडतील.

मृत्यूंचा आकडा यापेक्षा कच्चा आहे. ग्लोबोकॅन २०२२ साली भारतात ९.१६ लाख कॅन्सर मृत्यू धरतं. तो बराचसा नव्या रुग्णांवरून गणिताने काढलेला आहे. प्रत्यक्ष मोजायला डॉक्टरने लिहिलेलं मृत्यूचं कारण लागतं, आणि २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच तसं प्रमाणित कारण होतं. बाकीचे घरी गेलेले, किंवा दवाखान्यात गेले तरी कारण न लिहिलेले. जिथे लिहिलंय तिथेही 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट'! हृदय आणि श्वास बंद पडतो तो प्रत्येकाचाच. जबड्याच्या कॅन्सरने घरी गेलेल्या आजोबांसाठी फॅमिली डॉक्टर रात्री दोन वाजता तेच लिहितो, कारण स्मशानात नेण्यापुरता कागद हवा असतो. मी त्याला फार दोष देत नाही, पण देशाच्या हिशेबात आजोबा हृदयाच्या खात्यात जातात.

मृत्यूच्या कारणाच्या फॉर्ममध्ये कारणं एकाखाली एक लिहायची असतात, मूळ आजार सगळ्यात खाली. तिथे कॅन्सर आणि कुठल्या अवयवाचा हे लिहायला घरच्यांनी डॉक्टरला जरूर सांगावं. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापत नाहीत, त्यामुळे ते बाहेर फुटेल ही भीती नको. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या, १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. ती मागून घ्या.

आता तुमची सोसायटी. आयसीएमआरच्या २०२२च्या अंदाजानुसार लाखामागे वर्षाला साधारण १०० नवे रुग्ण. दोनशे फ्लॅट म्हणजे आठशे माणसं धरू: वर्षाला पाऊण, तीन वर्षांत दोन-अडीच. पण ही सगळ्या वयांची सरासरी. जुन्या सोसायटीत साठीपुढचे बरेच असतात आणि त्या वयात दर कितीतरी पट असतो, म्हणून पाच हा आकडा मला चक्रावून टाकत नाही. वयाच्या या भानगडीमुळेच जिल्ह्यांची तुलना वय समायोजित (म्हणजे सगळीकडे वयाची रचना सारखी धरून काढलेल्या) दराने करतात. २०२०च्या त्या अहवालात पुरुषांत लाखामागे ऐझॉलला २६९.४, दिल्लीत १४७ आणि उस्मानाबाद-बीडला ३९.५ असे दर आहेत. बीडमध्ये आजार खरोखर इतका कमी की निदानच कमी होतं, हा प्रश्न तरीही उरतोच.

टॉवरबद्दल: २०११ साली ल्यॉनच्याच संस्थेने रेडिओलहरींना २-ब गटात टाकलं, म्हणजे शक्यता आहे, पुरावा तोकडा. तो पुरावाही मुख्यतः कानाला लावलेल्या फोनचा होता. सेक्रेटरींना पत्र लिहिण्याआधी पाचही जणांना कुठल्या अवयवाचा कॅन्सर, निदानाच्या वेळी वय किती, या इमारतीत किती वर्षं राहतात, तंबाखू होती का, एवढं विचारून घ्या. स्तन, तोंड, प्रोस्टेट, आतडं असे वेगवेगळे निघाले तर एका टॉवरवर बोट ठेवता येणार नाही. एकच दुर्मीळ प्रकार तिघांना, तोही तरुण वयात, असं निघालं तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि ही माहिती तक्त्यात मांडून जोडा.