पोटऱ्या दुखतात म्हणाली तर

प्रिय बाय,

सिंधुदुर्गात रुजू झालीस, तेही भातलावणीच्या तोंडावर. म्हणजे ओपीडीत तापाचीच रांग. ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकतात, अशी कोणी आली की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, मनात यायला हवा, हे तुला कॉलेजात शिकवलंय. मी एवढंच म्हणेन, तिला हेही विचार: लावणी स्वतःच्या कुणग्यात, की दुसऱ्याच्या?

उंदराच्या मुतातून चिखलात आलेला जंतू सातबारा वाचत नाही. पण त्या चिखलात भेगाळल्या पायांनी दिवसभर कोण वाकून राहणार, ते सातबाराच ठरवतो. मालकाला कणकण आली की तो दुसऱ्या दिवशी रिक्षा करून येतो. मजुरीवाली अंगावर काढते. लावणीचे दिवस मोजकेच, ते बुडवून कसं चालेल? ती येते तेव्हा डोळे पिवळे झालेले असतात, लघवी आटलेली असते.

माझी एक चूक सांगतो. पावसाळ्यात लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटायचो, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, 'काहीतरी खाऊन घ्या' असं बजावून. एका वाडीतल्या बायका गोळ्या घेईनात. मी वहीत शेरा मारला: 'अज्ञान, असहकार'. आशाताईने सगळ्यांसमोर नाही, पण चांगलंच सुनावलं. बाया कोऱ्या चहावर घर सोडतात. रिकाम्या पोटी ती गोळी जळजळते, ओकारी होते, अर्धा दिवस जातो. मग आम्ही गोळ्या दुपारी बांधावर नेऊ लागलो, पेज झाल्यावर. घेतल्या की सगळ्यांनी! शेरा खोडायचं मात्र राहून गेलं. (गरोदर बाईला ही गोळी नको, विसरू नकोस.)

गोळी स्टोअरमध्ये असणं आणि पोटात जाणं, यात बरंच अंतर असतं. पाण्याचंही तसंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. तरी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ ला आला. महाड कोकणातलंच, बाय. म्हणून कुठल्याही गावात गेलीस की नळयोजनेचा आकडा ऐकून घे, पण शेवटच्या वाडीतल्या नळाखाली स्वतः कळशी लावून बघ.

आणि जमलं तर याच आठवड्यात चिरेखाणीवर जा. तिथले बरेचसे कामगार कर्नाटकातून आलेले, गावच्या यादीत त्यांची नावं सापडतीलच असं नाही. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साठायला लागलं असेल, आणि पोरं तिथेच खेळतात. लसीकरणाची कार्डं मागून बघ. कानडी येणारं कोणीतरी सोबत ने. आपल्या शिपायाची बायको बेळगावकडची आहे, तिला विचार.

तुझा,
काका