मुंबईच्या झोपडपट्ट्यांत कोरोना जास्त पसरला, मग माणसं कमी कशी दगावली?

कमी दगावली असं नाही. लागण झालेल्यांमागे मृत्यूचं प्रमाण कमी होतं. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन वॉर्डांत लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, तपासल्या. अनुप मलानींसारखे अर्थतज्ज्ञही त्या अभ्यासात होते. झोपडपट्टीत सुमारे ५४ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली, इमारतींत १६. लागण झालेल्या लाखामागे मृत्यू झोपडपट्टीत ७६, इमारतींत २६३.

आता हेच एकूण वस्तीच्या लाखामागे मांडा: झोपडपट्टीत ७६ चे ५४ टक्के, इमारतींत २६३ चे १६ टक्के. दोन्हीकडे चाळीसच्या आसपास! ‘गरिबाची प्रतिकारशक्ती भारी’ म्हणणारे हा गुणाकार करतच नाहीत. लागण जास्त, कारण दहा बाय दहाची खोली आणि सकाळी सार्वजनिक शौचालयाची रांग. तिथे अंतर राखणार कसं? लागण झालेल्यांत मृत्यू कमी असण्याचं मोठं कारण बहुधा वय, कारण तिथली वस्ती तरुण आहे.

एक मात्र धरून चाला: हे नोंद झालेल्या मृत्यूंचे आकडे आहेत. घरीच दगावलेला किंवा चाचणी न झालेला माणूस यात येत नाही, आणि असे मृत्यू दोन्हीकडे सारखेच सुटले असतील असं नाही.