जीपवर सीबी रेडिओची अँटेना बसवली पण एसडब्ल्यूआर 3 च्या खाली येतच नाही, अँटेना बदलू का?

नका बदलू. सीबी म्हणजे गाडी-गाडीत बोलायचा 40 चॅनेलचा रेडिओ, आणि एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर किती परत फिरते ते मीटरवर दाखवणारा आकडा, 1 उत्तम, वाढत जाईल तसा वाईट. आधी पॉलिश पेपर आणि मल्टिमीटर काढा.

तुम्ही लिहिलंय की कोलोरॅडोत असता, रँग्लरच्या मागच्या दारावर स्टेपनीजवळ ब्रॅकेट लावून चार फुटी फायबरग्लासची अँटेना बसवली, वरचा ट्यूनिंगचा स्क्रू पूर्ण आत, पूर्ण बाहेर दोन्ही करून झालं, तरी चॅनेल 1 वर पण 3 च्या वर आणि 40 वर पण 3 च्या वर. अहो यातच उत्तर आहे. नुसता लांबीचा प्रॉब्लेम असता तर एका टोकाला काटा जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी दिसला असता, आणि स्क्रू फिरवल्यावर हललाही असता. दोन्हीकडे लाल भागात ठाण मांडून बसलाय म्हणजे एकतर अँटेनाला गाडीच्या पत्र्याचं अर्थिंग मिळत नाहीये नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे. तोपर्यंत बटण दाबून बोलत बसू नका. 3 ला पाठवलेल्या पॉवरचा पाव भाग परत येतो, म्हणजे 4 वॉटमधला 1 वॉट, आणि काटा त्याच्याही पुढे असेल तर रेडिओतला फायनल ट्रान्झिस्टर (पॉवर बाहेर पाठवणारा) तापून जायची भीती असते. नुसतं ऐकायला काही हरकत नाही.

आता हे मी एवढं ठासून का सांगतोय तर मी स्वतः माती खाल्लीये. मी फिनिक्सच्या बाहेर राहतो, जुना पिकअप आहे, त्याच्या टूलबॉक्सला ब्रॅकेट लावून स्टीलची काडी बसवली होती. रीडिंग जास्त आलं म्हणून पाव पाव इंच कापत सुटलो. दोन शनिवार गेले, बायको दर वेळी खिडकीतून बघायची आणि काही न बोलता पडदा ओढायची. दोन इंच कापून झाली तरी काटा तिथंच. शेवटी वैतागून ब्रॅकेट उपटून काढायला गेलो तेव्हा बघितलं, बोल्टच्या खाली काळा पावडर कोटिंगचा रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. म्हणजे ब्रॅकेट गाडीवर होता पण वीजेच्या हिशोबाने हवेत लटकत होता.

त्यामागचं गणित असं, सीबी चालतो त्या 27 मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण 11 मीटर, त्याचा चौथा भाग पावणेतीन मीटरच्या आसपास. म्हणून जुन्या लोकांच्या ट्रकवर ती 102 इंची लवलवती काडी दिसायची. तुमच्या चार फुटीत तीच कसर आत गुंडाळलेल्या तारेने भरून काढलेली असते. पण ही झाली अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. तो जोडलाच नाही तर वरची बाजू कितीही कापा, वाढवा, काही उपयोग नाही.

आणि रँग्लरचं मागचं दार म्हणजे खास डोकेदुखी. ते बिजागरीवर लटकतं, बिजागरीत रंग, ग्रीस, प्लास्टिकचे बुश, त्यामुळे दार आणि बॉडी यांच्यात नीट कॉन्टॅक्ट असेलच असं नाही. मल्टिमीटर ओहमवर लावा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तारांचा स्वतःचा आकडा बघून ठेवा, मग एक पिन ब्रॅकेटच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. तो आधीचा आकडा वजा करून अर्ध्या ओहमच्या आत यायला पाहिजे. जास्त आलं की चोर सापडला.

मग ब्रॅकेट काढा, बोल्ट बसतो तिथला रंग दोन्ही बाजूंनी घासा, ब्रॅकेटचा पण आणि दाराचा पण, वायसरएवढा गोल पत्रा चकचकीत पांढरा दिसेपर्यंत. इथं हात आखडू नका, नवीन गाडी आहे म्हणून जीवावर येतं पण तो भाग झाकला जाणारच आहे. दातेरी वायसर टाका, तो रंगात घुसतो. आणि ब्रॅकेटपासून बॉडीपर्यंत चपटी विणलेली तांब्याची पट्टी टाका, शक्य तितकी आखूड. साधी बारीक वायर टाकलीत तर मल्टिमीटर खूश होईल पण 27 मेगाहर्ट्झला लांब बारीक वायर म्हणजे अडथळाच, त्यामुळे पट्टीच. सगळं कसून झालं की वरून थोडं ग्रीस, नाहीतर तुमच्याकडच्या बर्फात रस्त्यावर मीठ टाकतात, एका हिवाळ्यात गंज धरेल.

दुसरा संशयित म्हणजे अँटेनाच्या बुडाशी असलेला तो नायलॉनचा खांद्याचा वायसर. त्याचा उंचवटा ब्रॅकेटच्या भोकात बसलाच पाहिजे. उलटा किंवा चुकीच्या बाजूला लावला तर मधला बोल्ट ब्रॅकेटला टेकतो आणि सगळी पॉवर तिथंच अर्थ होते. तपासायला केबल रेडिओपासून काढा, मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात मल्टिमीटर बीपच्या सेटिंगवर लावा, आवाज आला तर शॉर्ट आहे. (काही कॉइलवाल्या अँटेना मुद्दामच अशा बनवलेल्या असतात की शॉर्ट दाखवतात, म्हणून अँटेना उतरवून परत बघा, तरी शॉर्ट दाखवलं तर वायसर किंवा केबल.) केबल दारातून आत येते ना, तिथं ती चेंबलेली नाही ना तेही बघा, दार हजार वेळा आपटतं तिच्यावर.

अँटेनाची निदान वरची अर्धी तरी टपाच्या वर यायला हवी. स्टेपनी आणि टपाला चिकटून उभी असेल तर अर्थिंग उत्तम असूनही आकडा फार खाली येणार नाही. तुम्ही कमेंटमध्ये मॅग्नेटवाली घेऊ का विचारलंय, तर रँग्लरच्या जेएल मॉडेलचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, चिकटणारच नाही.

एवढं झालं की मग ट्यूनिंग, ते खरं तर दहा मिनिटांचं काम. गॅरेजमध्ये नको, मोकळ्या मैदानात जा, दारं-बॉनेट बंद, कोणी अँटेनाजवळ उभं नको. एसडब्ल्यूआर मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये, छोट्या जोडकेबलने. चॅनेल 1 लावा, आधी कोणी बोलत नाही ना ऐका, मीटरचा स्विच एफडब्ल्यूडीवर (जाणारी पॉवर), माइक दाबा, नॉब फिरवून काटा सेटच्या खुणेवर, लगेच स्विच आरईएफवर (परत येणारी), आकडा वाचा, सोडा. पाच सेकंदांत उरका. मग 40 वर, आणि मग 19 वर, दर वेळी सेट नव्याने करायचं, बरेच जण हे विसरतात आणि मग आकडे काहीच्या बाही येतात. 1 वर जास्त आणि 40 वर कमी म्हणजे अँटेना आखूड पडतेय, स्क्रू बाहेर काढा. 40 वर जास्त म्हणजे लांब झालीये, आत घ्या. अर्धा-एक फेरा, परत मोजा. दोन्ही टोकं साधारण सारखी आली आणि 19 वर 1.5 च्या आसपास आलं की थांबा. 1.5 ला परत येणारी पॉवर 4 टक्के, 2 ला 11 टक्के, त्यामुळे 1.1 च्या मागे लागून वेडे होऊ नका, समोरच्याला कानाने फरक कळत नाही.

केबल 18 फुटांचीच पाहिजे असं सगळे सांगतात. मला विचाराल तर केबलची लांबी बदलून जर आकडा सुधारत असेल तर समजा अर्थिंगमध्येच अजून गडबड आहे. उरलेली केबल मात्र मुठीएवढी घट्ट गुंडाळून कोंबू नका, मोठे सैल वेटोळे ठेवा. पॉवर सिगारेट लाइटरमधून घेतली असेल तर तीही थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीच्या टोकाला, नाहीतर इंजिनचा कुईं आवाज कायम मागे राहतो.

बाकी जाता जाता, ट्रेलवरचे बरेच ग्रुप आता जीएमआरएस या दुसऱ्या, लायसन्सवाल्या रेडिओकडे वळलेत, 35 डॉलरमध्ये दहा वर्षांचं लायसन्स, परीक्षा नाही, सगळं घर त्यात येतं. पण हायवेवर बर्फात पुढे काय झालंय हे ट्रकवाल्यांकडून ऐकायचं असेल तर अजूनही चॅनेल 19च, आणि त्याला लायसन्सही लागत नाही, त्यामुळे तुमचे पैसे वाया गेले असं अजिबात समजू नका.

पट्टी टाकून, रंग घासून पण दोन्ही टोकांना 3 च राहिलं तर दुसऱ्या कोणाचा एसडब्ल्यूआर मीटर आणि जोडकेबल मागून एकदा लावून बघा, जोडकेबलच फॉल्टी निघालेली मी पाहिलीये. तरी नाही झालं तर बुडाचा बोल्ट खोलून वायसर ज्या क्रमाने निघतात तसेच टॉवेलवर ओळीने मांडून फोटो टाका, आणि चॅनेल 1 आणि 40 चे आकडे वेगवेगळे लिहा, नुसतं जास्त येतंय असं नको.