मधले ठोकळे मुलांना दिसतच नाहीत, काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, मी यावल तालुक्यात पाचवीला शिकवते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे घनफळाचं सूत्र पोरांना तोंडपाठ आहे, पण पुस्तकातलं ठोकळ्यांच्या थप्पीचं चित्र दाखवलं, ४ लांब ३ रुंद २ उंच, की कोणी १८ म्हणतं कोणी २६, एकाने तर ५२ लिहिलं. २४ च का, ते फळ्यावर चित्र काढून पटवता येत नाहीये. शाळेत साहित्यही फारसं नाही. कसं शिकवू?

उत्तर: ताई, ती चुकलेली उत्तरं पुसू नका, त्यातच सगळं आहे. १८ वाल्याने फक्त दिसणारे ठोकळे मोजले, वरच्या थरातले १२ आणि खालच्या थरातले पुढून-बाजूने दिसतात ते ६. २६ वाल्याने ठोकळे नाही, दिसणारे चौकोन मोजले, वर १२, समोर ८, बाजूला ६. आणि ५२ वाल्याने न दिसणाऱ्या बाजूही धरल्या, म्हणजे त्याने पृष्ठफळ काढलं आणि तेही अगदी बरोबर काढलं! एकही पोरगं अंदाजपंचे बोललेलं नाही.

चित्र सपाट असतं, त्यात मधलं दिसणार कसं, म्हणून हे हातानेच करायला हवं. गणित पेटीतले १ सेमीचे सुटे ठोकळे असतील तर उत्तम, नसतील तर ओल्या मातीचे सारख्या मापाचे २४ ठोकळे पोरांकडूनच करून घ्या आणि वाळू द्या. मग ४ च्या ३ ओळी मांडा, झाले १२, त्यावर कागद पसरा, आणि त्या कागदावर पुन्हा तेवढेच. हा मधला कागद विसरू नका हं, कारण त्याच्यामुळे थर वेगळा दिसतो. माझ्या वर्गात मी असंच मांडलं होतं आणि एक मुलगा बाहेरून मोजत बसला, तर शेजारची मुलगी त्याला एवढंच म्हणाली, "मग मजारला?" म्हणजे, मग आतला? माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने झालं नसतं ते तिच्या दोन शब्दांनी झालं.

एका थरात किती आणि थर किती, पहिले दोन-तीन दिवस एवढेच दोन प्रश्न, सूत्राचं नावसुद्धा काढू नका. थप्पी आडवी-उभी करून पण बघू द्या, ८ चे ३ थर होतात, ६ चे ४ होतात, दरवेळी २४ च. वीटभट्टीवर आईबापाबरोबर जाणारी पोरं वर्गात असतील तर त्यांना पुढे बोलवा, विटांचे थर कसे मोजतात ते ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रास, हे कळलं की अशा थप्पीच्या आकाराचं पुस्तकातलं नाव, इष्टिकाचिती, तेही घाबरवत नाही.

मग मोठ्या वस्तू घ्या. तुमच्याकडे केळीची रिकामी खोकी कुठेही मिळतील. माप आतून घ्यायचं, आणि तिन्ही मापं सेंटीमीटरमध्येच. समजा ५० × ४० × २० भरलं तर ४०,००० घनसेमी, आणि १००० घनसेमीचा १ लिटर म्हणजे ४० लिटर. हा १ लिटर पण डोळ्याने दिसू द्या, पुठ्ठ्याचा १० × १० × १० सेमीचा डबा करा आणि लिटरच्या मापाने दादर ज्वारी ओता, बरोबर भरतो.

आणि वाळूची ट्रॉली तर सगळ्यांनी पाहिलेली असते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद धरा, तळाशी एकेक फुटाचे ५० ठोकळे बसतात, २ फूट भरली की दोन थर, झाले १००. फक्त वाळू वरून सपाट केलेली धरायची, शीग लावलेली नाही, शिगेला हे सूत्र चालत नाही. घरी वडिलांना विचारून या म्हणा, दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गोंधळ होतो.

आणि तो ५२ वाला मुलगा, त्याला जुना पेपर द्या आणि त्या २४ ठोकळ्यांच्या थप्पीला सगळीकडून चिकटवायला सांगा, खालूनसुद्धा. ठोकळे १ सेमीचे असतील तर बरोबर ५२ चौरस सेमी कागद लागेल, मग त्यालाच विचारा की तू कागद मोजलास का ठोकळे.